दोन टक्क्यांचं पुण्य

दिवाळीच्या आगेमागे महाराष्ट्रातल्या दोनशेच्या आसपास साखर कारखान्यांत एक सोहळा होतो. बॉयलरचं अग्निप्रदीपन आधीच उरकलेलं असतं, सत्यनारायण झालेला असतो, गव्हाणीला झेंडूच्या माळा लागलेल्या असतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यकारी संचालक, आमदार आणि ऐनवेळी घुसलेला एखादा इच्छुक असे पाच जण मिळून उसाची एक मोळी उचलतात आणि गव्हाणीत टाकतात. मोळी एक, हात दहा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात येते. मोळी टाकणारे त्यात नावानिशी असतात. मोळी बांधणारी बाई कधी दिसत नाही. तिला यायला वेळ नसतो. ती त्या वेळी पुढची मोळी बांधत असते, आणि तिला पैसे टनावर मिळतात, फोटोवर मिळत नाहीत.

पुण्य किती करावं याचा पक्का आकडा धर्मशास्त्रानं दिला नव्हता. तो 2013 च्या कंपनी कायद्यानं दिला. कलम 135 प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ संपत्ती 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा वर्षाचा निव्वळ नफा 5 कोटी रुपयांच्या घरात गेला, तिनं मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के समाजासाठी, म्हणजे ‘सीएसआर’वर, खर्च करायचे. 1 एप्रिल 2014 पासून हे सुरू झालं. 2022-23 साली देशभरातला हा खर्च तीस हजार कोटींच्या आसपास गेला. त्यातून शाळांना रंग लागले, तळ्यांतला गाळ निघाला, दवाखान्यांना यंत्रं मिळाली. हे खरं आहे आणि त्याला नाक मुरडायचं कारण नाही. फक्त दोन टक्के कुठे खर्च केले, हे विचारणारा कायदा बाकीचे अठ्ठ्याण्णव टक्के कसे कमावले, हे विचारत नाही. तेवढी सभ्यता त्यात पाळलेली आहे.

नियम वाचायला घेतले तर विनोदी लेखकाला पोटापाण्याची चिंता वाटावी. नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरायचं नाही. आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं कामही धरायचं नाही. कोविडच्या काळात लसीकरणाचा खर्च यात बसतो का, असा प्रश्न आला, तेव्हा कंपनी व्यवहार मंत्रालयानं 2021 मध्ये खुलासा केला: बसतो, पण कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय सोडून इतरांना लस दिलीत तर. यामागचा हेतू सरळ होता. घरच्या गड्याचा पगार हा दानधर्म म्हणून मिरवायचा नाही, तो धंद्याच्या खर्चातच टाकायचा.

हा सरळ हेतू साखर कारखान्याच्या आवारात शिरला की त्याला वेगळाच उतारा पडतो. कारण ऊस तोडणारा माणूस कारखान्याचा कर्मचारी नाही. तो हजेरीपटावर नाही, पगारपत्रकात नाही, भविष्य निर्वाह निधीच्या यादीत नाही. आणि कर्मचारी नाही, म्हणूनच तो ‘लाभार्थी’ व्हायला पूर्ण पात्र आहे! त्याची मजुरी वाढवली तर तो तोडणी-वाहतुकीचा खर्च होतो आणि ताळेबंदाला टोचतो. त्याच्या बायकोला डिसेंबरात एक ब्लँकेट दिलं, तर तो सीएसआर होतो आणि वार्षिक अहवालात आर्ट पेपरवर रंगीत छापता येतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार होते, हे आजीबाईंना ठाऊक होतं. आता बायजीला त्याचं लेखापरीक्षणही करून घेता येतं.

सहकारी कारखान्यांना एवढाही ताप नाही. ते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेले असतात, त्यामुळे कंपनी कायद्याचे दोन टक्के त्यांच्या वाटेला जात नाहीत. तिथली सामाजिक जबाबदारी पंचवार्षिक निवडणुकीच्या सुमारास आपोआप जागी होते आणि मतमोजणीनंतर विश्रांती घेते.

मग हा कामगार आहे तरी कुणाचा? कारखान्याला विचारावं, तर त्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी. मुकादम म्हणतो, पैसा कारखान्याचा, गाडी दुसऱ्याची, मी आपला गावातली माणसं गोळा करून देतो. शेतकऱ्याला विचारावं, तर त्याच्या उसाच्या हिशेबातून तोडणी-वाहतूक आधीच वजा झालेली असते, म्हणजे मजुरी एका अर्थी त्याच्याच खिशातून गेलेली असते. पण फडात टोळी कधी येणार हे त्याच्या हातात नसतं, उलट तोड लवकर मिळावी म्हणून टोळीला ‘खुशाली’ त्यानंच द्यायची. साखर विकत घेणाऱ्या शीतपेय कंपनीचं नातं कारखान्याशी, तेही बऱ्याचदा मधल्या व्यापाऱ्यामार्फत. सरकारच्या लेखी ही मंडळी असंघटित. स्थलांतरित मजुरांसाठी 1979 साली केंद्रानं कायदा केला, तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी. बीडहून बेळगावकडे गेलेला त्यात बसू शकत होता, बीडहून सांगलीला गेलेला बसत नव्हता. उसाच्या एका कांडीवर हक्क सांगायला चार जण पुढे येतात. ती तोडणाऱ्याचं नाव निघालं, की चौघांचेही हात कानांवर.

पुरवठा साखळीवरच्या परिषदांत हल्ली ‘ट्रेसेबिलिटी’ची फार चर्चा असते. माल मुळात कुठून आला याचा माग काढायचा. बड्या कंपन्यांचं रडगाणं असं, की आमची साखर इतक्या हातांतून येते की तिचा माग फडापर्यंत नेणं फार अवघड. हे दुःख त्यांनी एकदा कोणत्याही कारखान्याच्या शेती विभागात बसून सांगावं. तिथला शेती अधिकारी चहा पाजेल आणि संगणक फिरवून दाखवेल. शेताचा गट नंबर, लागणीची तारीख, जात को 86032 की फुले 265, आडसाली आहे की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, सगळं नोंदलेलं. कुठल्या फडाला कोणत्या पंधरवड्यात तोड द्यायची याचा कार्यक्रम ठरलेला. कोणती टायरगाडी किती वाजता वजनकाट्यावर आली, भरलेली किती भरली, रिकामी किती भरली, पावती नंबर काय. साखर उतारा दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत. महाराष्ट्राच्या उसाची जन्मपत्रिका इतकी चोख आहे की मंगळसुद्धा सापडेल. फक्त ऊस कुणी तोडला, या रकान्यात मुकादमाचं नाव असतं आणि त्याच्या खाली कोयत्यांची संख्या.

माग काढायची विद्या येत नाही, असंही नाही. हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच, मुकादमामार्फत उचल वाटली जाते. जोडप्याला पन्नास हजारांपासून लाखाच्या वर. ती दवाखान्यात जाते, लग्नात जाते, गेल्या हंगामाच्या न फिटलेल्या उचलीतही जाते. मग पाच-सहा महिने ती टनाटनानं फेडायची. आता एखादा गडी हंगामाच्या मध्यात बायकापोरांसह निघून गेला, तर काय होतं? भविष्य निर्वाह निधीसाठी जो माणूस कुणाला सापडत नव्हता, तो फिटायच्या उचलीसाठी शिरूर कासार किंवा पाटोदा तालुक्यातल्या एखाद्या आडवळणाच्या वस्तीवर रात्री दोन वाजता बरोबर सापडतो. देणं वसूल करायचं असलं की ही साखळी कडीन् कडी जोडलेली असते. देणं द्यायचं असलं की तिच्या कड्या सुट्या होतात.

यात मुकादम खलनायक आणि बाकी सगळे साधू, असंही नाही. लाखोंची उचल घेऊन मुकादमानं टांग मारली आणि कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला वाहतूकदार आयुष्यातून उठला, अशा तक्रारी पश्चिम महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत दर हंगामाला येतात. म्हणजे या धंद्यात कागद होतात, स्टॅम्प पेपर लागतात, सह्या-अंगठे होतात, धनादेश तारण ठेवले जातात. कागदावर येत नाही ती एकच गोष्ट, मजुराची नेमणूक.

नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हिशेब कोयत्याचा होतो, त्यामुळे बाईच्या मजुरीचा वेगळा आकडाच नसतो आणि समान वेतनाचा प्रश्न उपस्थित व्हायच्या आधीच मिटतो. पहाटे अंधारात कोपीतून निघायचं. नवरा बुडख्यातून ऊस तोडतो आणि साळतो, बायको कांड्या गोळा करून वाढ्यानं मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन गाडीला लावलेल्या फळीवरून वर चढते. गाडी रात्री बाराला आली तर रात्री बाराला भरायची. पाणी असेल तिथून आणायचं, आडोसा मिळेल तिथे जायचं. एखाद्या दिवशी काम झालं नाही तर ‘खाडा’. त्याचा दंड दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत कापला गेल्याचं बायकांनीच सांगितलेलं आहे. पाळी आली, ताप आला, गर्भ राहिला, तरी खाड्याचा दर तोच.

याचा परिणाम आकड्यांत नोंदलेला आहे. 2019 साली राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहा जणींमागे एक. देशपातळीवर हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास. यातल्या कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या. आणि कोयता पुरा व्हायला जोडपं लागतं, म्हणून मुलींची लग्नंही लवकर उरकली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या विशीतल्या तरुण स्त्रियांपैकी शंभरातल्या त्रेचाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. इथे विनोद करायला जागा नाही.

मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी मिळून याच साखरेचा माग काढला. जे बड्या कंपन्यांना अवघड जात होतं, ते दोन-चार पत्रकारांना जमलं. महाराष्ट्रातली ही साखर कोका-कोला आणि पेप्सिको यांच्या पेयांपर्यंत पोहोचते, असं त्यांनी दाखवून दिलं. पेप्सिकोनं हे वर्णन फार चिंताजनक असल्याचं कळवलं आणि आपल्या भागीदारांशी बोलू म्हटलं. कोका-कोलानं तपशीलवार प्रश्नांवर बोलायचं टाळलं. त्याच बातमीनुसार या कंपनीच्या 2019 च्या एका अहवालात भारतातली बालमजुरी हळूहळू कमी करण्याच्या कार्यक्रमाला आपला पाठिंबा असल्याची नोंद होती. हळूहळू! मूल आठ वर्षांचं असताना कार्यक्रम सुरू केला आणि घाई केली नाही, तर दहा वर्षांत ते सज्ञान होतं आणि बालमजुरी आपोआप एकानं कमी होते.

चिंता मात्र या क्षेत्रात मुबलक पिकते. तिला पाणी लागत नाही आणि खोडवाही जोमदार येतो. बातमी आली की चिंता, मग बैठक, मग कृती आराखडा, मग आराखड्यासाठी सल्लागार, मग सल्लागाराचा अहवाल, मग त्या अहवालाबद्दल चिंता.

आता यावर उतारा म्हणून प्रमाणपत्रं आहेत. बाहेरची संस्था येते, यादी काढते, खुणा करते, शिक्का देते. या शिक्क्याची ताकद किती, ते कराचीत एकदा दिसलं. तिथल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट 2012 मध्ये कामगारांच्या सुरक्षिततेचं नावाजलेलं एसए 8000 प्रमाणपत्र मिळालं. 11 सप्टेंबर 2012 ला तिथे आग लागली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायची दारं बंद होती. अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्यांचा माल प्रामुख्यानं एका जर्मन कंपनीकडे जायचा. प्रमाणपत्राची शाई तीन आठवड्यांपूर्वीची होती. उसाच्या फडाला तर दारही नाही आणि गजही नाहीत, त्यामुळे तपासणीस आला की फड कायम हवेशीरच आढळणार.

ब्रिटननं 2015 साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला आणि मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी निवेदन द्यावं असं ठरवलं: आपल्या पुरवठा साखळीत गुलामगिरी नसावी म्हणून आपण काय केलं. त्यात एक सोय ठेवली. काहीच केलं नसेल, तर ‘आम्ही काहीच केलं नाही’ असं निवेदन दिलं तरी कायदा पाळल्यासारखं होतं. प्रामाणिकपणाला इतकं उत्तेजन आपल्याकडच्या परीक्षा मंडळांनीही कधी दिलेलं नाही.

आपल्या सेबीनं तेवढी मोकळीक दिली नाही, पण माणुसकी दाखवली. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना जबाबदार व्यवसायाचा अहवाल द्यावा लागतो. त्यातल्या पहिल्या अडीचशेंनी आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी, असं ठरलं. उद्योगांनी कुरकुर केली. मग ते वर्षभर पुढे गेलं, मग ऐच्छिक झालं, आणि खरेदी-विक्रीत किमान दोन टक्के वाटा असलेल्याच पुरवठादारांपुरतं उरलं. इथेही दोनच टक्के. बड्या कंपनीच्या एकूण खरेदीत दोन टक्के भरेल इतका ऊस बांधायचा, तर कोयता धरणाऱ्या एखाद्या जोडप्याला बरेच जन्म घ्यावे लागतील.

माणसांचा हा घोळच नको, म्हणून हार्वेस्टर आले. 2023 मध्ये राज्य सरकारनं नऊशे ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदान जाहीर केलं, किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यातलं जे कमी असेल ते. यंत्राची नोंदणी होते, त्याला नंबर मिळतो, विमा उतरतो, ठरावीक तासांनी ऑइल बदललं जातं, बिघाड झाला तर कंपनीचा माणूस गाडी काढून फडात येतो. रात्री त्यावर ताडपत्री घालतात. कोयत्याला यातलं काहीही मिळत नाही. त्याची ताडपत्री म्हणजेच घर, आणि ते त्यानं गावाहून येताना स्वतः आणायचं.

काहीच झालं नाही, असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये आणि तेवढेच सरकारचे, असं ठरलं. मुलांसाठी संत भगवान बाबा वसतिगृहं सुरू झाली. जानेवारी 2024 मध्ये मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधल्या बैठकीत तोडणीचे दर 34 टक्क्यांनी वाढले आणि टनाला साडेतीनशेच्या पुढे गेले. मुंबई उच्च न्यायालयानं 2023 मध्ये बातमी वाचून स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. 2024-25 च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला, टनाला 3,400 रुपये होती. एफआरपी चौदा दिवसांत दिली नाही, तर साखर आयुक्त कारखान्यावर जप्तीची कारवाई करू शकतात. शेतकऱ्यानं हे रस्त्यावर उतरून मिळवलं, आणि ते योग्यच आहे. टनाला दहा रुपये महामंडळाला थकले, तर मात्र स्मरणपत्र जातं.

राज्यात एकूण ऊसतोड कामगार किती, याचेही आठ-दहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत अंदाज आहेत. निदान पाच लाख माणसांची तफावत. पाच लाख पोती साखर इकडची तिकडे झाली असती, तर विधानसभा बंद पडली असती.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. अहवाल त्याआधी घरी येतो आणि बहुतेक घरांत तो पोरांच्या वह्यांना कव्हर घालायला जातो. वाचकांपैकी जे सभासद असतील, त्यांनी या वेळी एकच प्रश्न मुदतीत, लेखी आणि पोच घेऊन द्यावा: गेल्या हंगामात आपल्या कारखान्यासाठी ऊस तोडलेल्या माणसांची नावानिशी यादी, बायकांची नावं वेगळी लिहिलेली, कार्यालयात आहे का? शीतपेयं, बिस्किटं आणि मिठाई बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगून असणाऱ्यांनी तोच प्रश्न तिकडे विचारावा. सभेत हात वर करून विचारू, या भरवशावर मात्र राहू नये. पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ सुरू व्हायला फार वेळ लागत नाही.